डॅडींनी मोजलेलं दार

डॅडी एप्रिलमध्ये गेले आणि कासव पुढच्या खोलीतच राहिलं.

कासव म्हणजे कासवाची पाठ. जाड पोलादी तारेचा सांगाडा, सात फूट रुंद, आठ फूट लांब, अजून कापड न चढवलेला. डोकं आणि चार पाय डेन्झिल अंकल चर्चच्या हॉलमध्ये करत होते. पाठ मात्र डॅडींनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. ऑक्टोबरपासून त्यांना चौथ्या मजल्यावरून उतरून हॉलपर्यंत जाणं जमेना, तेव्हा त्यांनी तारेची भेंडोळी, वेत आणि पक्कड वर मागवून घेतली आणि जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसून काम सुरू केलं. मी तेव्हा त्यांच्याकडे राहायला आले होते. तारेचं दुसरं टोक धरायचं आणि जिथे वेत तारेला भेटतो तिथे पांढरी चिकटपट्टी गुंडाळायची, हे माझं काम. नऊ वर्षांची असतानाही माझं तेच काम होतं.

पाठीला सात कमानी होत्या. प्रत्येक कमान या कडेपासून त्या कडेपर्यंत एकाच तारेची, मध्ये जोड नाही. "तोडायला काय, कुणीही तोडेल," डॅडी म्हणायचे. "वळवून दाखवा."

ऑगस्ट उजाडला तरी मी तिथेच होते. खिडकीपर्यंत जायचं तर अंग चोरून जावं लागे. मी वाचनाचा दिवा कासवाच्या आत ठेवला होता. संध्याकाळी सात कमानींच्या सावल्या छतावर पडत आणि मी त्यांच्याखाली बसून वाचत असे. दर रविवारी तारा पुसायच्या. मी ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांच्या विभागात काम करते, वस्तू जपणं हा माझा धंदाच. ऊन थेट पडू नये म्हणून मी पडदासुद्धा जाड लावला होता. तारेचा रंग उन्हानं उडत नाही, हे मला ठाऊक होतं.

टँटी इस्मे, म्हणजे इस्मे मावशी, दर आठवड्याला फोन करायची. आमचा बँड, म्हणजे ऑगस्टातल्या कार्निव्हलच्या सोमवारी रस्त्यावर सोंगं घेऊन निघणारी आमची दोनशे माणसं, गेली चौतीस वर्षं तीच चालवते.

"पाठ कधी पाठवतेस, इव्हेट?"

"पुढच्या आठवड्यात, टँटी."

असे नऊ आठवडे गेले. कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी चार वाजता, तिनं फोन केलाच नाही. थेट दारावर थाप मारली. सोबत डेन्झिल अंकल आणि तिची नात रोशेल. कासव अंगावर घेऊन रोशेलच नाचणार होती. ती बस चालवते. तिचे खांदे बघून डॅडींनी तिला निवडलं होतं.

टँटी धापा टाकत आत आली. "लिफ्टमध्ये मावलो नाही गं. डेन्झिल म्हणाला, मी शिरतो. मी म्हटलं, तुझं अख्खं ग्रेनाडा बेट एवढ्याशा डब्यात मावायला हवं होतं खरं, पण नाही मावलं."

"त्रिनिदादच्या माणसाचं नुसतं तोंड शिरलं तरी लिफ्ट भरते," डेन्झिल अंकल म्हणाले. "बाकीची इस्मे बाहेरच राहिली."

मग दोघंही पुढच्या खोलीत आले.

डेन्झिल अंकल कासवाभोवती हळूहळू फिरले. डॅडींच्या आणि त्यांच्या मैत्रीला चाळीसेक वर्षं झाली होती. दोघंही तार वळवणारे, त्यामुळे त्यातली निम्मी वर्षं भांडणाची. त्यांनी एका कमानीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मेल्यानं एकही जोड दिलेला नाही," ते म्हणाले, आणि कुणाबद्दल काय बोललो ते ध्यानात येऊन खोकले.

"सुंदर आहे," रोशेल म्हणाली. "आता उचला. माझी सहाची पाळी आहे."

त्यांनी पाठ आडवी धरून दाराशी नेली. मग उभी केली. मग तिरकी. डेन्झिल अंकलनी एक खांदा खाली घेतला, रोशेलनं दुसरं टोक वर केलं, टँटीनं मधून सूचना दिल्या. दार जेमतेम अडीच फुटांचं, साडेसहा फूट उंच. खिडकीचा प्रश्नच नव्हता. इमारतीला नव्या बसवलेल्या खिडक्या वीतभरच उघडतात.

"असं कसं?" डेन्झिल अंकल पाठ खाली ठेवत म्हणाले. "मार्चमध्ये त्यानं मला फोन केला होता. म्हणाला, पाठ झाली, दारातून जाते, मोजलंय."

"मला काही बोलले नाहीत," मी म्हणाले.

ते खरं होतं. पण पाठ दारातून जात नाही, हे मला एप्रिलपासून माहीत होतं. दफनविधीनंतरच्या पहिल्याच रविवारी मी मोजून पाहिलं होतं. आणि मी माझ्यापुरता एक अर्थही लावून ठेवला होता. पन्नास वर्षं तार वळवणारा माणूस साडेचार फुटांची चूक करत नाही. त्यांनी ती मुद्दाम इतकी रुंद केली असणार. बाहेर जाऊच नये म्हणून. माझ्याजवळ राहावी म्हणून.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. दरवर्षी कार्निव्हल संपला की मंगळवारी सकाळी डॅडी जमिनीवर बसून सगळं मोडत. कापड उसवायचं, तार सरळ करायची, भेंडोळं करून पुढच्या वर्षासाठी ठेवायची. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी एक मासा केला होता, निळ्या खवल्यांचा, त्याच्या सगळ्या पट्ट्या मी गुंडाळल्या होत्या. तो मोडताना मी पक्कड लपवून ठेवली आणि रडले. डॅडींनी मला मांडीवर घेतलं, समजूत काढली, पक्कड शोधली आणि मासा मोडला. "सोंग रस्त्यावरचं असतं, बाळ. घरात ठेवलं की नुसती तार." त्यांनी आयुष्यात शंभरावर सोंगं केली. आमच्या घरात त्यातलं एकही नाही.

म्हणून हे एक. शेवटचं. माझं.

"त्यांनी मुद्दामच असं केलं असेल तर?" मी विचारलं.

टँटी इस्मे खुर्चीत बसली. "ऑसबर्टनं? घरात ठेवायला?" ती हसायलाच लागली. "अगं, तुझ्या आईनं लग्नाचा झगा पंचवीस वर्षं बहिणीकडे ठेवला होता, तो का? एका वर्षी पांढरं साटीन कमी पडलं, तेव्हा हा कपाटाकडे बघायला लागला होता म्हणून!"

मलाही हसू आलं. पण मी हटले नाही. "तरीही. दार समोर दिसत होतं त्यांना. सहा महिने."

"पाठ नसेल तर मी काय घालू?" रोशेल म्हणाली. "डोकं आणि चार पाय घालून रस्त्यावर गेले तर लोक म्हणतील, बाईला ओल्या बदकासारखं का नटवलंय?"

डेन्झिल अंकल दाराकडे बघत होते, मग पाठीकडे. "दोरी कुठंय त्याची?" त्यांनी विचारलं.

डॅडींनी कधी मोजपट्टी वापरली नाही. त्यांच्या खिशात मेण लावलेली एक लांब दोरी असायची. तिच्यात गाठी. नाचणारीच्या खांद्यांची एक, कमरेची एक, अशा पाच-सहा. दरवर्षी काही गाठी सुटायच्या, काही नव्या पडायच्या. त्या दोरीवर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास.

"हॉस्पिटलच्या पिशवीत असेल," मी म्हणाले.

"मग आण की."

पिशवी बाहेरच्या कपाटात होती, नर्सनं दिली तशीच, गाठ मारलेली. टँटीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. ती उठली, माझ्यासोबत कपाटापर्यंत आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी गाठ सोडली. सपाता. चष्मा. पेपरमिंटची अर्धी पुडी. गाऊनच्या खिशात दोरी, नीट गुंडाळलेली.

डेन्झिल अंकलनी तिचं एक टोक कासवाच्या या कडेवर धरलं, मी दुसऱ्या बाजूला गेले. दोरी ताणली. त्या कडेवर बरोबर एक गाठ आली. लाल. एक बोटसुद्धा इकडे नाही की तिकडे नाही.

"ही कशाची गाठ?" रोशेलनं विचारलं.

"दाराची," डेन्झिल अंकल म्हणाले.

"कुठल्या?"

त्यांनी सांगायची गरज नव्हती, मला ते दार माहीत होतं. ती गाठ पडली तेव्हा दोरीचं टोक मीच धरलं होतं. सोंगं तयार करायची उड्डाणपुलाखालची आमची जुनी जागा, तिचं दोन झडपांचं रुंद, हिरवं दार. मी अकरा वर्षांची. गाठ ओळखू यावी म्हणून डॅडींनी तिला मम्मीचं लाल नेलपॉलिश लावलं होतं. सगळ्या गाठी बदलल्या, ही तेवढी कधीच सुटली नाही. तीन वर्षांपूर्वी ती जागा पाडली. आता तिथे काचेची इमारत आहे.

डॅडी सबंध हिवाळा समोरच्या दाराकडे तोंड करून बसले होते आणि त्या दुसऱ्याच दारासाठी कासव वळवत होते. औषधांमुळे असेल. किंवा हात डोळ्यांना विचारत नसतील. पण मोजलं होतं त्यांनी. बरोबर मोजलं होतं. त्या दारातून हे कासव अलगद बाहेर गेलं असतं.

डेन्झिल अंकल खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वेडा रे," ते म्हणाले. "माझ्या वेड्या मित्रा."

मी दोरी गुंडाळली, डॅडी गुंडाळायचे तशी, चार बोटांभोवती. कासव माझ्यासाठी नव्हतं. त्यांनी ते मला दिलं नव्हतं. ते सहा महिने खुर्चीत बसून बाहेर निघाले होते आणि मी इथे जाड पडदा लावून बसले होते.

"कापावं लागेल," मी म्हणाले. "मधोमध. दोन अर्ध्या करून न्यायच्या आणि हॉलमध्ये जोडायच्या."

"खरंय," डेन्झिल अंकल म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

"पक्कड तिथे आहे, अंकल."

"मी नाही लावणार." त्यांनी मान हलवली. "त्र्याऐंशी साली मी त्याचा एक पंख कापला होता, ट्रकमध्ये चढत नव्हता म्हणून. नाताळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. तेव्हा आमचं ठरलं. त्याच्या तारेला मी पक्कड लावायची नाही, माझ्या तारेला त्यानं नाही. कापायचंच झालं तर ज्याची तार त्यानं, नाहीतर त्याच्या घरच्यानं."

"घरात मी एकटीच आहे."

"तेच म्हणतोय मी."

पक्कड डॅडींच्या खुर्चीखाली होती. दांड्यांना गुंडाळलेली पट्टी त्यांच्या मुठीच्या आकाराची झाली होती. माझा हात त्यात सैल बसत होता. मी पहिल्या कमानीचा मध्य शोधला. दोन्ही हातांनी दाबलं. तार कापली गेली ती बंदुकीसारखा आवाज करून, आणि सुटलेल्या टोकानं डेन्झिल अंकलची टोपी गुडघ्यावरून उडवली.

"बघ," ते म्हणाले. "अजून राग गेलेला नाही."

टँटी पोट धरून हसली. मीही हसले, आणि हसता हसता दुसरी कमान कापली. मग तिसरी, चौथी. रोशेल दोन्ही हातांनी कडा धरून होती. सातवी तुटली तेव्हा दोन अर्ध्या एकमेकींकडे किंचित कलल्या, पडल्या नाहीत.

त्या दारातून गेल्या. अंग चोरून, पण गेल्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीनं, मोरोक्कोच्या लाला झोहरानं, दार उघडून डोकं बाहेर काढलं. "हे काय चाललंय?"

"कासव आहे," रोशेल म्हणाली.

"मेलंय का?"

"नाही, सोमवारी जन्मणार आहे."

शनिवार-रविवार आम्ही हॉलमध्ये होतो. डेन्झिल अंकलनी प्रत्येक तुटलेल्या कमानीला वेताचा आधार बांधला आणि मी पट्टी गुंडाळली. माझ्या बोटांची कातडी लहानपणी सोलायची तिथेच सोलली. जोड काही सपाट झाले नाहीत. काळंनिळं कापड वरून ताणलं तरी पाठीच्या मधोमध सात गाठोडी उठून दिसत होती. मी उसवायला निघाले तर टँटीनं माझ्या हातावर चापट मारली.

"राहू दे. जेव. पेलाव थंड होतोय."

डेन्झिल अंकल ताटातला भात चिवडत लांबून बघत होते. "कासवाला कणा असतो," ते म्हणाले. "ऑसबर्ट विसरला होता."

सोमवारी आम्ही बाराच्या सुमारास रस्त्यावर आलो. दुकानांना प्लायवूड ठोकलेलं, कणसांचा धूर, पुढच्या ट्रकवरचं गाणं आपल्या छातीत वाजतंय की रस्त्यात ते कळू नये इतकं जवळ. तार वळवणाऱ्याची जागा सोंगाच्या मागे असते. त्यानं नाचायचं नाही, वर बघायचं नाही. सांगाड्याकडे बघत चालायचं. मी डॅडींचा एप्रन बांधला होता. खिशात पक्कड, दुसऱ्यात पट्टीची तीन भेंडोळी. ग्रोव्ह रस्त्याच्या वळणावर, परीक्षकांच्या अलीकडे, चौथा जोड निसटला आणि पाठ एका बाजूला लवली.

"थांब, रोशेल!"

"दोन स्टॉपच्या मध्ये थांबत नाही मी!" तिनं आतून ओरडून सांगितलं, आणि थांबली.

मी वाकून पाठीखाली शिरले. मागचा ट्रक जवळ येत होता. टँटी त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि ड्रायव्हरची आई, आजी, पणजी सगळ्यांची चौकशी करू लागली. मी दोन्ही टोकं जुळवून दातांनी पट्टी तोडत गुंडाळत होते. कापडातून ऊन आत येत होतं. कमानींच्या सावल्या माझ्या हातांवर, रोशेलच्या पाठीवर, खाली डांबरावर पडल्या होत्या. त्याच सात सावल्या. मी चार महिने त्यांच्याखाली बसून वाचलं होतं.

"झालं का गं?" रोशेलनं विचारलं.

"झालं. चल."

ती चालू लागली आणि सावल्याही चालू लागल्या. मी क्षणभर तशीच वाकून राहिले. मग कासव माझ्या डोक्यावरून पुढे निघून गेलं आणि मी भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभी होते, हातात पक्कड, आणि ट्रकवाला भोंगा वाजवत होता. मी धावत माझ्या जागेवर गेले.

आम्हाला तिसरा क्रमांक मिळाला. जोड दिसतात म्हणून, असं डेन्झिल अंकलचं मत. पहिल्या दोघांची मावशी परीक्षक आहे म्हणून, असं टँटीचं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता ते दोघं वर आले. पाठीच्या दोन अर्ध्या परत सुट्या केलेल्या होत्या. सहज आत आल्या. डेन्झिल अंकलनी त्या भिंतीशी टेकवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेवायची असेल तर ठेव. आता तिला दाराची अडचण नाही."

मी चहा टाकला. मम्मीचं एक मोठं, किटली झाकायचं टोपडं होतं ते शोधण्यात थोडा वेळ घालवला. बाहेर आले तेव्हा दोघंही तसेच बसले होते, चर्चमध्ये बसल्यासारखे, आणि जाड पडदा टँटीनं बाजूला सारला होता. पाठीवरचं कापड फाटलं होतं, कडेला कुणाचा तरी सोनेरी रंगाचा हात उमटला होता.

मी जमिनीवर बसले, कापड उसवलं आणि पहिली तार सोडवून सरळ करायला घेतली. डेन्झिल अंकलनी खिशातून स्वतःची पक्कड काढली. मग मला विचारल्यासारखं बघितलं.

"लावा," मी म्हणाले. "आता ती नुसती तार आहे."

जेवणाच्या वेळेपर्यंत चौदा तारांचं एक भेंडोळं झालं. खोली केवढी मोठी दिसत होती. मी दोरी घेतली आणि दाराशी गेले. टँटीनं न सांगता उठून दुसरं टोक चौकटीवर धरलं. मी दोरी ताणली आणि गाठीची जागा बोटांत धरली.

"दोन बोटं कमी घे," टँटी म्हणाली. "रंग, कापड, सगळं धरून. तुझा बाप नेहमी नेमकं मोजायचा आणि मग आम्ही चौकटी सोलून काढायचो."

मी दोन बोटं कमी घेतली आणि गाठ मारली. लाल गाठीच्या पुष्कळ अलीकडे पडली ती. लाल मी सोडवली नाही.

टँटी पर्समध्ये खुडबुड करत होती. "लाल नाहीये गं माझ्याकडे," ती म्हणाली, आणि नेलपॉलिशची बाटली हलवून माझ्या हातात दिली. "नारिंगी चालेल?"